पाटलाचं पाणी

बाबांनी काचेला पाडलेली दोन भोकं बुजवायला मला तीन आठवडे लागले. ती पाडायला त्यांना एक दुपार पुरली होती.

अकोल्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत चार फुटांचा फिशटँक होता आणि त्यात एकच मासा. ऑस्कर जातीचा, नऊ वर्षांचा, काळपट अंगावर नारिंगी चट्टे. बाबा त्याला पाटील म्हणत. टँकच्या मधोमध थांबून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रोखून बघायचा आणि माणूस पसंत पडलं नाही की पाठ करून कोपऱ्यात जायचा. एकदा आत्याला त्याने पाठ दाखवली, तर आत्या महिनाभर घरी फिरकली नाही. "मानूस बरोबर ओयखते हा," बाबा म्हणाले होते.

बाबा फुलशेती करायचे. बाळापूर रोडला दीड एकर. त्यात शेवंती, झेंडू, गलांडा, आणि कडेकडेने पालक-मेथी. पाणी एका जागी थांबलं की सडतं, असं त्यांचं ठाम मत होतं. टँकमधलं उभं पाणी बघून ते अस्वस्थ व्हायचे. शेवटी शेतातल्या ठिबकचेच उरलेले तुकडे आणून त्यांनी टँकचं पाणी वाहतं केलं. वर भिंतीला एक लहान टाकी, तिच्यातून थेंब थेंब ताजं पाणी आत. मागच्या काचेला वरच्या बाजूला एक भोक, तिथून जास्तीचं पाणी पाइपने खिडकीबाहेर परसातल्या पालकाला. दुसरं भोक तळाला, त्याला कॉक. दर रविवारी कॉक उघडायचा, की तळची घाण पाण्यासकट बाहेर. पाटलाचा पालक आमच्या गल्लीत वाटला जायचा.

मार्चच्या शेवटी बाबा पाच दिवस दवाखान्यात होते. मी अमरावतीला कॉलेजात शिकवते, रजा टाकून गेले होते. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पाटलाचं पानी बदललं काय?"

मी हो म्हणाले.

बदललं नव्हतं. आदल्या दिवशी, रविवारी, आंघोळीला घरी गेले तेव्हा टँकसमोर उभी राहिले होते. कोणता कॉक कुठे फिरवायचा ते कळेना. उद्या त्यांनाच विचारू म्हणून तशीच परत आले. मग विचारायचं सोडून हो म्हणाले, कारण ते दमलेले दिसत होते आणि दुसरं काही म्हटलं असतं तर ते समजावून सांगत बसले असते. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

मे महिन्यात आईने माझ्याकडे यायचं ठरलं. शेत चुलतभावाकडे दिलं, एक जूनला घरात भाडेकरू येणार होते. आईची अट एकच होती. "मी येईन, पन पाटील बी संग येईन."

रिकामा टँक गाद्यांत गुंडाळून ‘छोटा हत्ती’ टेम्पोत आडवा ठेवला. पाटील झाकणाच्या निळ्या टपात, अर्ध्या पाण्यात. आई पुढे बसायला तयार होईना. मागेच, टपाला धरून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरने टपात डोकावून विचारलं, "काकू, कितीक किलोचा असन हा? रस्सा भल्ला होईन."

"हा खायाचा नाई, हा खानारा हाय," आई म्हणाली. "बोट घालून पाह्य."

त्याने घातलं नाही. पण पुढच्या वाटेवर गाडी इतकी सावकाश चालवली की दोन तासांचा रस्ता तीन तासांचा झाला. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं.

माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. इथे खिडकीबाहेर पालक नव्हता, खालच्या मजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडे होते. भोकं बुजवल्याशिवाय टँकमध्ये पाणी भरता येणार नव्हतं आणि तोवर पाटील टपात. आल्या दिवसापासून त्याने खाणं सोडलं. शेतातल्या गांडूळखताच्या बेडवरून आईने डबाभर गांडुळं आणली होती. तो एरवी ती बोटातून हिसकावून घ्यायचा. आता गांडूळ त्याच्या तोंडासमोरून वळवळत तळाला जाई आणि तो नुसता बघत राही. तिसऱ्या दिवशी तो एका कुशीवर कलंडून पडायला लागला. बाहेर पंचेचाळीस अंश. टपातलं पाणी दुपारी कोमट व्हायचं. आई त्यात बर्फ भरलेली बाटली सोडायची आणि शेजारी बसून राहायची.

"रागिणी, हा जगला पायजे बाई," ती म्हणाली. एवढंच. बाबांचं तिने काही काढलं नाही. मीही नाही.

किशोरभाऊंचं काचेचं आणि फ्रेमचं दुकान राजकमल चौकाजवळच्या गल्लीत आहे. मी तिथे बाबांचा फोटो फ्रेमला द्यायला गेले होते. मागच्या भिंतीला लावलेले दोन-तीन रिकामे फिशटँक दिसले म्हणून विचारलं. ते तेही बनवतात. मोबाइलवर भोकांचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते मोठे करून पाहिले.

"हे कोनं पाडले भोकं? मशीनीवर पाडले काय?"

"बाबांनी. घरीच. हातातल्या ड्रिलने."

"काचेचं काम करत होते?"

"शेतकरी होते."

त्यांनी पुन्हा पाहिलं. "कड पाह्य ना, जराबी चिप नाई गेली. माह्याकडून आजबी चारात एक काच तडकते. कसं केलं असन?"

मला आठवत होतं. बाबांनी काचेवर कणकेची गोल पाळ केली, तिच्यात पाणी भरलं आणि पाण्यातच ड्रिल फिरवलं, थांबत थांबत, काच तापू नये म्हणून. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, पोयीची कणीक नेली या मानसानं. मी हे सांगितलं तेव्हा किशोरभाऊ मोठ्याने हसले आणि शेजारच्या टेलरला हाक मारून त्यालाही सांगितलं. "कनकीची पाळ! ऐकलं काय बे?" बाबा गेल्यापासून त्यांच्याबद्दल कुणी असं हसून बोललं नव्हतं. भेटायला येणारे सगळे आवाज खाली करूनच बोलत. मी थोडा वेळ दुकानातच उभी राहिले.

"फोटो कधी मिळेल?" मी विचारलं.

"आधी जित्याचं पाहू," ते म्हणाले. "फोटो काई पयून नाई जात."

त्यांनी चार-चार इंचांची दोन ठिगळं कापून दिली, टँकच्या काचेइतक्याच जाड काचेची, कडा घासून. सिलिकॉनची नळी दिली आणि बजावलं, हेच वापरायचं, बाथरूमचं नाही. त्यात बुरशीचं औषध असतं, मासा मरतो. ठिगळ बाहेरून नाही, आतून लावायचं. "आतून लावलं का पानीच दाबून धरते त्याले. जेवढं पानी जास्त तेवढं घट्ट." जुन्या सिलिकॉनचा एक कणही राहू द्यायचा नाही, नवं जुन्याला धरत नाही. स्पिरिटने पुसायचं आणि मग बोट लावायचं नाही. खोलीत एसी नको, कूलर लावायचा. "सिलिकॉनले सुकाले ओलावा लागते, मॅडम. या कोरड्या उन्हात वरून कातडं धरते आन आत कच्चंच राह्यते."

ओलाव्याने सुकणारी वस्तू मला नवीन होती. घरी येऊन दोन व्हिडिओही पाहिले आणि सगळं कागदावर लिहून काढलं. वाचल्याशिवाय मला काही करता येत नाही. बाबा यावरून चिडवायचे, "हिले पोहाले नेलं त आधी पुस्तक मागन."

भोकांतले रबरी वायसर काढले. ब्लेडने जुनं खरवडलं, स्पिरिटने पुसलं, दोनदा. टँक आडवा-उभा करायला वॉचमन वर आला होता, त्याला चहा दिला आणि खाली सोडायला गेले. पाच मिनिटं लागली असतील. परत येऊन ठिगळाला सिलिकॉन लावलं, व्हिनेगरसारखा वास खोलीभर झाला. तळाच्या भोकावर ठिगळ ठेवून गोल गोल दाबलं, बुडबुडे बाहेर येईपर्यंत. त्यावर बाबांची बाजारातली लोखंडी वजनं ठेवली, दोन किलो, एक किलो, अर्धा. आईने ती भांड्यांच्या पोत्यात सोबत आणली होती, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मागच्या काचेचं भोक, टँक पाठीवर निजवून, तसंच.

चार दिवस कूलर चालवला. पाचव्या दिवशी टँक लोखंडी स्टँडवर चढवून, खाली वर्तमानपत्रं अंथरून अर्धा भरला. संध्याकाळपर्यंत कोरडं. आई दर तासाला वाकून खाली हात लावून बघत होती. पाटील टपात कुशीवर.

सकाळी वर्तमानपत्र ओलं होतं. पुस्तकाच्या पानाएवढा डाग, आणि तळाच्या भोकाखाली एक थेंब लोंबत होता. बघता बघता पडला, दुसरा आला.

मी पाणी उपसलं. आईला म्हणाले, माझ्याकडून कुठेतरी चुकलं. ती पदराने हात पुसत राहिली.

फोन केला तसे किशोरभाऊ दुपारी दुकान बंद करून स्वतः घरी आले. उन्हात स्कूटरवर, डोक्याला दुपट्टा बांधून. त्यांनी ठिगळाखाली ब्लेड घातलं, एका बाजूने बारीक तार ओढली आणि तळाचं ठिगळ उचललं. एका कडेला सिलिकॉनने काचेला असं धरलं होतं की तार अडकत होती. दुसऱ्या कडेला मात्र ते अख्खंच्या अख्खं सुटून आलं, पोळीवरचा पापुद्रा निघावा तसं. त्यांनी तिथे अंगठा घासला, नाकाशी नेला.

"तेल हाय," ते म्हणाले. "मॅडम, तेलाचं बोट लावलं होतं काय?"

"नाही. स्पिरिटने पुसलं होतं. दोनदा."

त्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला. अंगठ्यावर अगदी पुसट पिवळं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "म्या लावलं."

मी वळून पाहिलं.

"तू त्या वॉचमनले सोडाले गेली तवा. हयद-कुकू लावलं." तिने किशोरभाऊंकडे पाहिलं नाही. "कोरडं कुकू काचीवर थांबत नाई. म्हून देवापाशी दिवा होता, त्याच्या तेलात बोट बुडवलं. मंग…"

"मग?"

"मंग ध्यानात आलं. आता मी कशाले लावतो. पदरानं पुसून टाकलं. दिसत नोतं काई. मले वाटलं गेलं."

शेतात पाणी सुरू करायचं असेल तेव्हा पहिलं हळदीकुंकू आईचं असायचं. बोअरला पाणी लागलं तेव्हा, मोटर बदलली तेव्हा, दर हंगामात ठिबकच्या फिल्टरवर. जिथून पाणी आत येणार किंवा बाहेर जाणार, तिथे तिचं बोट लागल्याशिवाय बाबा कॉक फिरवत नसत. एकदा ती माहेरी होती तेव्हा त्यांनी दोन दिवस नवीन मोटर तशीच ठेवली होती. शेजारचे हसत होते, ते म्हणत होते, मालकीन आल्याशिवाय पानी चालू नाई होत. कणकेची पाळ काढून त्यांनी काच धुतली तेव्हाही तिने या दोन भोकांना हळदीकुंकू लावलं होतं. ते मी पाहिलं होतं आणि विसरले होते.

त्या पाच मिनिटांत तिने ते लावलं होतं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि मग पुसलं होतं.

किशोरभाऊंनी खाली बसून ब्लेडने उरलेलं खरवडायला घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "काकू, पाप नाई केलं तुमी. जागा चुकली. आतून लावाचं नाई, बाहीरून लावाचं. बाहीरून कितीबी लावा, सिलिकॉनले काई फरक पडत नाई."

"मी कशी लावू आता?" आई म्हणाली.

"बाबांनी भोकं पाडली तेव्हा कोणी लावलं होतं?" मी विचारलं.

"म्या."

"मग बुजवताना आत्याला बोलवू काय अकोल्याहून?"

आई हसली नाही, पण तिचं तोंड हलल्यासारखं झालं. "ते नको," ती म्हणाली. "तिले पाटील पाठ दाखवते."

या वेळी किशोरभाऊंनी दोन्ही ठिगळं स्वतः लावली. मागचंही, तिथवर पाणी पोचलंच नव्हतं तरी. "एक केलं आन एक सोडलं त झोप नाई येत मले." आधी आईला साबणाने हात धुवायला लावले, मग तिलाच दाबायला सांगितलं. "तुमचा हात वजनदार हाय, शेतातला हाय. मॅडमचा हात पेनाचा." आई दोन्ही तळहात ठिगळावर टेकवून, अंगाचा सगळा भार देऊन दाबत राहिली. कडेने पांढरी रेघ सारखी बाहेर आली, चारही बाजूंनी. मग तळाच्यावर वजनं ठेवली, मागच्याला चिकटपट्ट्यांनी ताणून धरलं.

"आता सात दिवस. हात नाई लावाचा, पानी नाई घालाचं, विचारबी नाई कराचा," किशोरभाऊ दारात म्हणाले.

मी त्यांना जेवून जा म्हटलं. ते थांबले. आईने भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि ठेचा मागून घेतला. आईच्या हातचं कुणीतरी मागून खात होतं. अकोल्यात हे रोज व्हायचं.

ते सात दिवस कठीण गेले. पाटलाचा रंग उतरला, नारिंगी चट्टे विटकरीच्या भुग्यासारखे फिके पडले. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी टपातलं चौथाई पाणी काढून, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं पाणी घालत होते. लाइट गेली की टपातली हवेची मोटर बंद पडायची आणि जीव वरखाली व्हायचा. चौथ्या दिवशी दुपारी दोन तास लाइट नव्हती. मी आणि आईने आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून धार धरली, टपात हवा जावी म्हणून. आईने तेव्हा त्याला शेतातल्या गोष्टी सांगितल्या. झेंडूला भाव नाही, चुलतभावाने मोटरचं झाकण तोडलं. तो ऐकत असावा. निदान कलंडला नाही.

सातव्या दिवशी वजनं उचलली. आईने आंघोळ केली, देवापुढचं तबक घेऊन आली आणि टँकच्या मागे, बाहेरच्या काचेवर, बुजवलेल्या भोकाजवळ, तेलाचं बोट टेकवून हळद लावली, मग कुंकू. तळाच्या भोकाला बाहेरून हात पोचावा म्हणून स्टँडखाली आडवी झाली. मी टॉर्च धरला. तिने लावलं आणि या वेळी पुसलं नाही. उठताना मला म्हणाली, "आता सोड पानी."

पूर्ण भरला, काठोकाठ. दोन दिवस वाट पाहिली. वर्तमानपत्र कोरडं राहिलं, इतकं की मी त्यातलं शब्दकोडं सोडवलं. तिसऱ्या दिवशी पाटलाला टपातून आत सोडलं. तो तळाला गेला, कोपऱ्यात तोंड करून सगळ्यांना पाठ दाखवून राहिला. त्या दिवशी काही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी सकाळी खडखड असा आवाज आला म्हणून पाहिलं, तर तो तोंडात खडे घेऊन दुसरीकडे थुंकत होता. ऑस्करची ती खोड असते, आपली जागा आपण मांडून घ्यायची. त्याने बरोबर तळाच्या ठिगळावरचे खडे बाजूला केले, काच उघडी पाडली आणि तिथे येऊन थांबला.

"अजी पाटील, तेवढं राहू द्या ना," आई म्हणाली. "लय मेहनतीनं बंद केलं हाय ते." आणि डब्यातलं गांडूळ धरलं. त्याने ते तिच्या बोटातून असं ओढलं की ती "आई गं" म्हणाली आणि बोट चोखत हसत राहिली.

त्याच संध्याकाळी किशोरभाऊंकडून फोटो आणला. त्यांनी सिलिकॉनचे आणि फ्रेमचे घेतले, घरी येऊन केलेल्या कामाचे घ्यायला तयार झाले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, कनकीची पाळ शिकलो ना. आईने फोटो टँकच्या समोरच्या भिंतीवर लावायला लावला. खिळा मारताना मला तीन वेळा खाली-वर करायला सांगितलं, कारण तिथून पाटील दिसतो की नाही ते तिला नीट बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आता कॉक नव्हता. नळी तोंडाने ओढून पाणी चालू करावं लागलं, एक घोट तोंडात गेला. चार बादल्या निघाल्या. त्या उचलून गॅलरीत नेल्या. आईने तिथे पाच कुंड्यांत पालक पेरला होता. अजून काही वर आलं नव्हतं, नुसती काळी माती होती. ती अकोल्याहूनच पोत्यात भरून आणलेली.

आई आत भाजी निवडत होती. "पाटलाचं पानी बदललं काय?" तिने तिथूनच विचारलं.

माझे हात कोपरापर्यंत ओले होते आणि फरशीवर बादलीच्या बुडाचे चार गोल उमटले होते.

"हो," मी म्हणाले.